तरंगणारं प्लॅस्टिक चिकटत का नाही?

छत्रपती संभाजीनगरात एखाद्या उंच गच्चीवरून पाहिलं की सगळ्यात आधी दिसतात त्या टाक्या. काळ्या, पांढऱ्या, पाचशे लिटरच्या, हजाराच्या, काही घरांवर दोन-दोन. पैठणच्या नाथसागरातून पन्नासेक किलोमीटर पाणी चढवत आणायचं आणि ते काही दिवसांआड घरोघरी सोडायचं, असा इथला वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. त्यामुळे या शहरात टाकीला तडा जाणं ही किरकोळ गोष्ट नसते. मे महिन्यात तो गेला तर पुढचे चार-पाच दिवस कसे काढायचे, हा घरापुढचा खरा प्रश्न असतो.

मग कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून दोन रंगांची इपॉक्सी पुट्टी आणतं, मळतं, तड्यावर दाबून बसवतं. सकाळपर्यंत ती चांगली कडक होते. टाकी भरते, पाण्याच्या भाराने अंगाला थोडी फुगते, आणि पुट्टीचा अख्खा पापुद्रा सुटून हातात येतो. हीच पुट्टी त्याच घरातल्या लोखंडी नळाची गळती मात्र कैक वर्षं धरून बसलेली असते. म्हणजे पुट्टी खराब नाही, आणि लावणाऱ्याचा हातही चुकलेला नाही.

आता त्याच गच्चीवर प्लंबर काय करतो ते पाहा. पीव्हीसीच्या पाइपचं टोक पुसतो, डबीतलं ‘सोल्युशन’ ब्रशने फिरवतो, पाइप सॉकेटमध्ये घालून थोडा पिळतो, मनात तीसपर्यंत मोजतो आणि पुढच्या जोडाकडे वळतो. तो जोड आता करवतीशिवाय सुटणार नाही. टाकीही प्लॅस्टिक, पाइपही प्लॅस्टिक, दोन्ही एकाच दुकानातून आलेली. एक हाक मारताच चिकटतं आणि दुसरं कुणालाच जवळ करत नाही, हे कसं? या प्रश्नाच्या मागे लागलं की प्लॅस्टिकच्या आत दडलेलं एक अद्भुत जग दिसायला लागतं.

चिकटणं म्हणजे काय, इथून सुरुवात करू. कुठल्याही दोन पदार्थांचे रेणू एकमेकांना ओढतातच. ही ओढ म्हणजे व्हॅन डर वाल्स बल. घरातली पाल छतावर उलटी चालते ती याच बळावर. तिच्या पायात ना गोंद असतो ना चोषक; तिला धरते ती ही ओढच, हे २००२ साली प्रयोगांनी दाखवलं गेलं. अडचण एवढीच की ही ओढ एका नॅनोमीटरच्या आसपासच, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापुरतीच, जोरदार असते. अंतर जरा वाढलं की ती जवळजवळ संपते. आणि आपल्याला गुळगुळीत वाटणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात कसे भेटतात? अजिंठ्याची डोंगररांग उचलून उलटी करून दुसऱ्या रांगेवर ठेवावी, तसे. शिखराला शिखर कुठे कुठे टेकतं, बाकी सगळी पोकळी. तुटलेल्या कपाचे दोन तुकडे कितीही घट्ट दाबले तरी जुळत नाहीत ते यामुळेच.

म्हणून गोंद लागतो. त्याचं पहिलं काम चिकटणं नव्हेच. पहिलं काम वाहत जाऊन त्या सगळ्या दऱ्या भरणं आणि पृष्ठभागाच्या रेणूंना अगदी खेटून बसणं. दुसरं काम, तिथे पोचल्यावर घट्ट होणं. जगातला जवळजवळ प्रत्येक गोंद ही दोन कामं याच क्रमाने करतो. पहिलं जमलं नाही तर दुसरं कितीही उत्तम झालं तरी उपयोग शून्य. टाकीवरची पुट्टी घट्ट झाली होती, पण टाकीला कधी भिडलीच नव्हती.

का भिडली नाही, हे पाण्याच्या एका थेंबाला विचारता येतं. स्वच्छ काचेवर थेंब टाका, तो पसरतो. टाकीच्या कोरड्या अंगावर टाका, तो गोळा होऊन बसतो. द्रव पसरायचा असेल तर पृष्ठभागाने त्याला जितकं ओढायला हवं तितकं पॉलिथिन, म्हणजे टाकीचं प्लॅस्टिक, ओढत नाही. कारखान्यांत ही ओढ मोजायचं माप ‘डाइन’. पॉलिथिन ३१ च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन त्याहून जरा कमी, पीव्हीसी ३९ च्या घरात, आणि नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन जेमतेम १८ ते २०. पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण ७२ च्या वर, तर द्रव इपॉक्सीचा साधारण चाळिशीच्या पुढे. द्रवाचा आकडा पृष्ठभागाच्या आकड्याहून कमी असेल तरच तो सुखाने पसरतो. मापाच्या खुणा केलेली डाइन पेन मिळतात. प्लॅस्टिकवर रेघ ओढायची. ती अखंड राहिली तर ठीक, तुटून थेंब झाले तर हा पृष्ठभाग अजून तयार नाही. मला या पेनाचं फार अप्रूप वाटतं. डोळ्यांना कधीच न दिसणारी रेणूंची मर्जी एका रेघेत कळते.

पॉलिथिन असं का वागतं? त्याच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात, हजारो कार्बनची लांबच लांब साखळी, दोन्ही अंगांनी हायड्रोजन. कुठेही विद्युतभाराचा उंचवटा नाही, की परक्या रेणूने धरावी अशी खुंटी नाही. पीव्हीसीत मात्र दर दुसऱ्या कार्बनवर एक क्लोरिन बसलेला असतो. तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो, त्यामुळे साखळीवर जागोजागी किंचित धन, किंचित ऋण अशा जागा तयार होतात, आणि गोंदाला धरायला काहीतरी मिळतं. हाच क्लोरिन वजनदारही असतो. यातून घरी करता येईल अशी एक सुंदर परीक्षा हाती लागते.

पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा कापा आणि तिच्या झाकणासकट बादलीत टाका. तुकडा बुडतो, झाकण तरंगतं. बाटली पीईटीची, घनता १.३८, झाकण पॉलिथिनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, घनता एकाहून कमी. पीव्हीसी, एबीएस, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, नायलॉन सगळी बुडतात, आणि या सगळ्यांना कुठला ना कुठला गोंद मानवतो. तरंगणारी दोन भावंडं, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन, साध्या गोंदाला दाद देत नाहीत. नियम शंभर टक्के नाही. टेफ्लॉन दगडाइतकं जड असून कुणाला चिकटत नाही. टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन बुडून फसवतं. थर्माकोल हवेमुळे तरंगतं. तरी दुकानात जाण्याआधी तुटक्या वस्तूची एक कपची पाण्यात टाकून पाहणं, याहून स्वस्त सल्ला मला माहीत नाही. वस्तूच्या खालच्या बाजूला त्रिकोणात आकडा असेल तर उत्तमच: १ म्हणजे पीईटी, २ आणि ४ पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन. दुचाकीच्या पॅनेलच्या आतल्या अंगाला तर अनेकदा थेट नावच कोरलेलं असतं, ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ असं. गोंद निवडायची सुरुवात गोंदाच्या कपाटापाशी नव्हे, इथे होते.

प्लंबरच्या सोल्युशनकडे परत येऊ, कारण खरा चमत्कार तिथे आहे. ते सोल्युशन नेहमीच्या अर्थाने गोंद नाहीच. टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झानोन अशा द्रावकांत पीव्हीसीच विरघळवलेलं असतं. पाइपवर लावताच वरचा थर फुगतो, मऊ होतो, आतल्या साखळ्या सैल पडतात. पाइप सॉकेटमध्ये दाबला की इकडच्या साखळ्या तिकडे शिरतात, तिकडच्या इकडे येतात. या गुंत्यात एकेक साखळी कशी पुढे सरकते, याचं गणित फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जील द जेन यांनी १९७१ साली मांडलं: दाट गवतातून साप सरपटतो तशी, बाजूला वळायला जागा नाही, फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने. त्यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात पॉलिमरवरच्या या कामाचा मोठा वाटा होता. मग द्रावक उडून जातो आणि साखळ्या जिथे गुंतल्या तिथेच थांबतात. नीट जमलेला जोड आडवा कापला तर पाइप कुठे संपला आणि सॉकेट कुठे सुरू झालं ते शोधावं लागतं. मधे तिसरा पदार्थच उरलेला नसतो. सीपीव्हीसीच्या गरम पाण्याच्या पाइपला वेगळं सोल्युशन मागतात ते यासाठीच. त्या साखळ्यांवर क्लोरिन जास्त, म्हणून त्यांना सैल करणारं मिश्रणही वेगळं.

पाट्या बनवणाऱ्या दुकानांत ॲक्रिलिकची अक्षरं याच तत्त्वावर जोडतात. दोन कडा कोरड्याच भिडवायच्या आणि सुईने पातळ द्रावक सोडायचा. तो फटीत आपोआप ओढला जातो आणि क्षणात सांधा काचेसारखा पारदर्शक होतो. बघत राहावं असं काम. पण त्यासाठी क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात आणि त्याची वाफ यकृताला आणि मेंदूला अपाय करते. बंद खोलीत हे काम करणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. दार-खिडकी उघडी आणि पंखा बाहेर वारा फेकणारा, एवढं तरी हवंच. पॉलिकार्बोनेटच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. वस्तूत आधीच ताण असेल तर द्रावक लागताच तिच्यात बारीक भेगा पडतात, कधी लगेच, कधी महिन्याने. म्हणून हेल्मेटचं कवच कुठल्याही गोंदाने किंवा थिनरने दुरुस्त करू नये. तडा गेलेलं हेल्मेट बदलायचंच. गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल जोडणाऱ्यांना हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने कळलेली होती. पिवळा रबरी गोंद लावला की थर्माकोल खड्डा पडून वितळायचं, कारण त्यातला टोल्युइन पॉलिस्टायरिन विरघळवतो; पाण्यातला पांढरा फेविकॉल मात्र चालायचा. २०१८ च्या बंदीनंतर ती मखरं गेली, रसायन तेच आहे.

पॉलिथिनला असा द्रावक का सापडत नाही? त्याच्या साध्यासरळ साखळ्या शेजारी-शेजारी इतक्या नीट रचून बसतात की त्यांचे स्फटिक होतात, आणि ते फोडायला सामान्य तापमानाला कुठलाच द्रावक पुरत नाही. ॲसिडचे, रॉकेलचे कॅन पॉलिथिनचे असतात ते उगाच नाही. आणि आणखी गंमत म्हणजे गोंदाच्या बाटल्याही सहसा पॉलिथिनच्याच. ज्याला काही चिकटत नाही त्याच्यातच चिकटणारी वस्तू सुखरूप राहते.

पण उष्णतेपुढे ते स्फटिक नमतात. साधारण ११० ते १३० अंशांना पॉलिथिन वितळतं, आणि वितळलेल्या पॉलिथिनला दुसरं वितळलेलं पॉलिथिन भेटलं की पुन्हा तीच सर्पगती, तोच गुंता, तोच अखंड जोड. गल्लीत ‘टाकी, बादली जोडणार’ अशी हाळी देत येणारा कारागीर तापलेल्या इस्त्रीने टाकीच्याच जातीची पट्टी तड्यात वितळवून बसवतो तेव्हा तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक वागत असतो. एचडीपीई या दाट पॉलिथिनच्या मोठ्या जलवाहिन्यांचे जोडही असेच होतात. दोन टोकं २०० अंशांहून अधिक तापलेल्या तव्यावर टेकवायची, तवा काढायचा, टोकं एकमेकांत दाबून थंड होऊ द्यायची.

ही दोन्ही शास्त्रं एकत्र पाहायची असतील तर पैठण तालुक्यातल्या एखाद्या मोसंबीच्या बागेत जावं. मेन आणि सबमेन पीव्हीसीची, तिथे सोल्युशन. पुढे लॅटरल पॉलिथिनच्या, तिथे गोंदाचा थेंब नाही. सबमेनला भोक पाडून रबरी ग्रोमेट, त्यात टेक-ऑफ, त्याच्या काट्यांवर लॅटरल नुसती रेटून बसवलेली. नळीची स्वतःची लवचीक मिठीच तिला धरून ठेवते. शेजारी शेततळं असेल तर त्याच्या अस्तराचे पट्टे गरम हवेने एकमेकांना वितळवून जोडलेले. चिकटवणं, आवळणं आणि वितळवणं असे तिन्ही उपाय एकाच बांधावर, प्रत्येक आपापल्या जागी. यामागे किती विचार आहे ते पाइप उघडे दिसत असूनही आपल्या लक्षात येत नाही.

प्लॅस्टिक आणि गोंद यांच्या इतिहासातही एक विलक्षण अदलाबदल झालेली आहे. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवणारा गोंद शोधत होते. त्यासाठी त्यांनी तेव्हा निरुपयोगी समजलं जाणारं पीव्हीसी उकळत्या द्रावकात टाकून पाहिलं. गोंद मिळाला नाही, हाती लागलं ते मऊ, वाकणारं पीव्हीसी. आजच्या वायरींचं आवरण त्याच घराण्यातलं. उलट १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकमधले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्यांना मिळालेला पदार्थ ज्याला त्याला चिकटायचा, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी तोच पदार्थ प्रकाशाचं वक्रीभवन मोजण्याच्या यंत्रात घातला आणि महागडे लोलक एकमेकांना कायमचे चिकटले. तेव्हा कूव्हर यांना उमगलं की आपल्याला काय सापडलंय. १९५८ मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. आपल्याकडे फेविक्विक म्हणून मिळतो तो याच कुळातला, सायनोॲक्रिलेट.

या द्रवाला वाळावं लागत नाही, त्याला थोडा ओलावा लागतो. पृष्ठभागावर नेहमी असणारी पाण्याची अदृश्य साय त्याला भेटते आणि एकेका रेणूची साखळी सेकंदांत विणली जाते. म्हणून पातळ थर लगेच धरतो आणि जाड थेंब ओलाच राहतो. म्हणूनच मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिलच्या दुपारी तो जरा आळसतो आणि पावसाळ्यात चटकन धरतो. खाण्याचा सोडा टाकला की तो तत्काळ घट्ट होतो, कारण सोडा अल्कधर्मी असतो आणि ही साखळी विणायला तेच हवं असतं. एबीएस, ॲक्रिलिक, कडक पीव्हीसी यांना तो छान धरतो. पण तो कडक आणि ठिसूळ असतो, आणि ८० अंशांच्या पुढे सहसा टिकत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याचा भरवसा धरू नये.

उन्हाचा प्रश्न साधा नाही. सहा मीटरचा पीव्हीसी पाइप तापमान ३० अंशांनी वाढलं की साधारण एक सेंटिमीटर लांबतो. पॉलिथिन त्याहून कितीतरी जास्त. दोन वेगळी प्लॅस्टिकं किंवा प्लॅस्टिक आणि धातू उघड्यावर जोडायचे असतील तर ताणला जाणारा गोंद हवा, पॉलियुरेथेनसारखा. कडक इपॉक्सी उन्हाळे-हिवाळे सोसताना कडेने सुटत जातो. आणि सुटणं नेहमी कडेनेच सुरू होतं. दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकवायचा प्रयत्न केला तर गोंदाचा सगळा पृष्ठभाग मिळून विरोध करतो; एक कड उचलून सोललं तर एका वेळी एका रेषेएवढाच गोंद लढतो. म्हणून भेगेवर नुसती रेघ ओढण्यापेक्षा मागून रुंद ठिगळ लावणं केव्हाही शहाणपणाचं.

पॉलिप्रॉपिलीनला मात्र उद्योगाने टाळून चालत नाही. बंपर, मडगार्ड, बॅटरीचे खोके, सगळं त्याचंच, कारण ते हलकं, चिवट आणि स्वस्त. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून, स्कोडाचा शेंद्र्याचा २००१ पासून. त्यांच्या भोवती वाळूज-चिकलठाण्यात प्लॅस्टिकचे भाग ओतणाऱ्या कारखान्यांचं जाळं उभं राहिलं, आणि ते काम शिकवणारी केंद्र सरकारची सिपेट ही संस्थाही इथे आहे. मोटार उद्योगात पॉलिप्रॉपिलीनवर रंग किंवा गोंद बसवायची एक जुनी युक्ती ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही: त्याच्यावरून ज्योत फिरवायची. निळ्या, भरपूर हवा असलेल्या ज्योतीचा क्षणभराचा स्पर्श. प्लॅस्टिक वितळायच्या आत वरच्या काही नॅनोमीटरच्या थरातल्या साखळ्यांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आणि तिशीतलं प्लॅस्टिक पन्नाशीच्या डाइनपर्यंत जातं. खुंट्याच नव्हत्या, त्या ज्योतीने ठोकल्या. फिल्मवर छपाई करण्याआधी हेच काम उच्च दाबाच्या विजेने होतं. जांभळा उजेड आणि ओझोनचा वास. परिणाम टिकाऊ नसतो, काही दिवसांत ओसरू लागतो, म्हणून रंग किंवा गोंद लगेच लावावा लागतो.

याहूनही पुढचा एक गोंद निघाला आहे. दोन नळ्यांतून एकत्र होणाऱ्या या ॲक्रिलिक गोंदात बोरॉनचं एक संयुग कुलूपबंद करून ठेवलेलं असतं. दोन्ही भाग मिसळले की कुलूप निघतं, ते संयुग हवेतल्या ऑक्सिजनशी भिडतं, आणि त्यातून निघालेली उतावळी मुक्त मूलकं पॉलिथिनच्या साखळीवरचे हायड्रोजन उपटून काढतात. त्या मोकळ्या जागी गोंदाची स्वतःची साखळी रुजते. ना ज्योत, ना प्रायमर. कुणालाही जवळ न करणाऱ्या पॉलिथिनला त्याच्याच अंगावरून फुटवा फुटतो. महाग आहे, गल्लीतल्या हार्डवेअरमध्ये सहज मिळत नाही, आणि टाकीसाठी तापलेली इस्त्रीच बरी. पण कल्पना किती देखणी!

गोंद निवडताना एक गोष्ट मात्र आपण जवळजवळ कधीच विचारत नाही: हा जोड पुढे सुटायला हवा का? ती विचारायला कुणी भाग पाडलं असेल तर इथून शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याने. १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटू लागलेली चित्रं भिंतीला धरून ठेवली, हे काम मोठंच. पण वरून दिलेला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या राळेचा थर वर्षांनी पिवळा-तपकिरी झाला, धूळ धरून बसला, आणि जुना झाला की शेलॅक पूर्वीसारखा विरघळतही नाही. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तो थर काढण्याचं किचकट काम हाती घेतलं, आणि संरक्षणासाठी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट वापरलं. सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदातलं पॉलिमर हेच. कालांतराने तेही उतरवायची वेळ आली, आणि ते द्रावकाने उतरवता येत होतं.

आज याच शहरात हा विचार आधीच करून माल बनतो. गरवारे हाय-टेक फिल्म्सचे वाळूज आणि चिकलठाण्याचे कारखाने खिडक्यांच्या काचांसाठी आणि गाड्यांच्या रंगाच्या संरक्षणासाठी फिल्म तयार करतात. अशा फिल्मच्या पाठीवरचा गोंद कधीच पूर्ण घट्ट होत नाही. तो आयुष्यभर किंचित वाहता राहतो. लावताना खाली साबणाचं पाणी मारतात, म्हणजे फिल्म हवी तशी सरकवता येते. मग रबरी पट्टीने पाणी लोटून काढलं की गोंद काचेच्या रेणूंना खेटतो आणि पुढचे काही दिवस हळूहळू पकड वाढवत राहतो. काही वर्षांनी फिल्म बदलायची झाली की गरम हवा द्यायची, एक कड उचलायची आणि सावकाश सोलत जायचं. एका वेळी एका रेषेएवढाच गोंद लढतो, आणि खालचा रंग जसाच्या तसा मिळतो.